प्रौढ वयातील उघड्या मूत्राशयाची शस्त्रक्रिया

ब्लॅडर एक्स्ट्रॉफी, म्हणजे उघडे मूत्राशय, हे जन्मजात व्यंग साधारण 30 ते 50 हजार जन्मांत एकदा दिसते. मुलींपेक्षा मुलांत अधिक. बेंबीखालची पोटाची भिंत आणि मूत्राशयाची पुढची बाजू मिटलेलीच नसते. आतले लालबुंद अस्तर बाहेर दिसते, लघवी अखंड झिरपते. जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांत कटिराची हाडे लवचीक असतात. तेव्हाच मूत्राशय मिटवणे सोपे. ती वेळ टळली, की माणूस कापडाच्या घड्या बांधून मोठा होतो.

तानसा नदीकाठच्या अकलोली गावात गरम पाण्याच्या कुंडांवर त्वचाविकारासाठी स्नानाला येण्याची जुनी रीत आहे. लघवीने सोलवटलेली कातडी घेऊन असा रुग्णही तिथे येऊ शकतो. पण दोष कातडीचा नाही. अशा रुग्णाची वाट भिवंडी, ठाणे ओलांडून मुंबईतल्या केईएमसारख्या रुग्णालयाच्या मूत्ररोग विभागाकडे जाते.

प्रौढात मूत्राशय वाचवण्याचा हट्ट बहुधा सोडावा लागतो, आणि तो सोडणेच हिताचे. वर्षानुवर्षे उघडे राहिलेले अस्तर जाड व ताठ होते, त्यात कर्करोगाचा, विशेषतः अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा, धोका असतो. म्हणून आधी बायोप्सी, सोनोग्राफी, क्रिएटिनिनची रक्ततपासणी. मूत्राशय काढल्यावर लघवी मोठ्या आतड्यात वळवायची असेल, तर गुदद्वाराचा स्नायू परखतात: सलाइनचा एनिमा देऊन रुग्णाला हिंडायला लावतात. पातळ द्रव धरून ठेवता आला तरच तो मार्ग.

शस्त्रक्रियेत दोन्ही मूत्रवाहिन्यांत बारीक नळ्या घालतात, मग कडेने छेद घेऊन मूत्राशयाचा पापुद्रा काढतात. जर्मनीतल्या माइंत्स शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत आतड्याचाच कमी दाबाचा कप्पा करून मूत्रवाहिन्या त्यात जोडतात. मूळ कल्पना जुनी: लंडनच्या जॉन सायमन यांनी असा प्रयत्न 1852 मध्ये प्रसिद्ध केला. मूत्रपिंडे दुबळी असतील, तर लहान आतड्याचा तुकडा पोटावर उघडून पिशवी लावतात. प्रौढाची ताठर हाडे कापून जवळ आणण्यापेक्षा पोटाची फट आसपासच्या पडद्याने वा त्वचेने झाकणे अनेकदा पुरते. पुरुषांत शिश्नाची दुरुस्तीही करतात. रुग्णाच्या दृष्टीने ती दुय्यम नसते.

आतडे लघवीतली आम्लता शोषते, म्हणून सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या चालू राहतात. जोडाच्या जागी अनेक वर्षांनीही गाठ उद्भवू शकते. त्यामुळे साधारण दहा वर्षांनंतर दरवर्षी कोलोनोस्कोपी करतात, रुग्णाला काहीही त्रास नसला तरी.