दप्तरातून फुटलेला तह

२१ मार्च १९३९च्या पहाटे हनोईतल्या एका घरात मारेकरी शिरले. त्यांना हवे होते वांग चिंगवै. गोळ्या लागल्या त्यांचे सचिव झंग झोंगमिंग यांना. चुंगकिंगच्या चिनी सरकारचे हेरप्रमुख दाई ली यांचा हा डाव वाया तर गेलाच, शिवाय वांग जपानच्या अधिक आहारी गेले.

वांग म्हणजे सन यत्-सेन यांचे निकटचे सहकारी, कुओमिंतांग पक्षाचे बडे नेते. जपानशी चाललेल्या युद्धात शांघाय, नानजिंग, वुहान एकामागून एक पडल्यावर लढत राहिलो तर देश बेचिराख होईल, असे त्यांचे मत बनले. नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांच्या वतीने काओ झोंगवू यांनी शांघायमध्ये जपानी अधिकाऱ्यांशी गुप्त मसलत केली. शांतता नांदू लागली की दोन वर्षांत जपानी फौजा माघारी जातील, असे ठरले. त्या भरवशावर डिसेंबरात वांग चुंगकिंगमधून निसटले. पण जपानचे पंतप्रधान कोनोए यांनी जाहीर केलेल्या निवेदनात फौजा काढण्याचे वचन गाळलेले होते. वांग यांनी तरीही त्या निवेदनाला पाठिंबा दिला.

पुढे शांघायमध्ये त्यांचा जम बसवण्याचे काम जेसफील्ड रोडवरच्या ७६ क्रमांकाच्या वाड्यातून चाले. दिंग मोत्सुन आणि ली शिचुन हे पूर्वीचे कम्युनिस्ट जपानी पैशावर तिथे छळकोठड्या चालवत. संपादक, न्यायाधीश, बँकांचे कारकून त्यांना बळी पडत. जपानी आईची मुलगी झंग पिंगरू हिने दिंगचा विश्वास संपादन करून २१ डिसेंबर १९३९ रोजी त्याला फरच्या कपड्यांच्या दुकानात नेले. बाहेर दबा धरलेल्या चुंगकिंगच्या मारेकऱ्यांचा सुगावा लागताच दिंग पळून आपल्या चिलखती मोटारीत शिरला. पिंगरूला पुढे गोळ्या घालण्यात आल्या.

दुकानातल्या त्या प्रसंगानंतर नऊच दिवसांनी वांग यांच्या गटाने जपानशी गुप्त तह केला. उत्तर चीन आणि अंतर्मंगोलियात जपानी फौजा, कारभारात जपानी सल्लागार, खनिजांवर जपानचा हात, अशी त्याची कलमे होती. काओंनी आदल्या वर्षी मिळवलेल्या वचनाचा त्यात मागमूस नव्हता. सहीच्या वेळी वांग यांच्या गटातले प्राध्यापक ताओ शिशेंग आजाराचे निमित्त सांगून घरी राहिले. जानेवारीच्या आरंभी काओ आणि ताओ तहाच्या कागदपत्रांसह हाँगकाँगला निसटले. ताओंची मुले मागे अडकली. त्यांना टोळीप्रमुख दू युएशेंगच्या माणसांनी सोडवून आणले. २२ जानेवारी १९४० रोजी हाँगकाँगच्या ‘ता कुंग पाओ’ने ही कलमे छापली.

तरीही ३० मार्चला नानजिंगमध्ये वांग यांचे सरकार उभे राहिले. त्याला मान्यता द्यायला मात्र जपानने ३० नोव्हेंबर उजाडू दिला. मधल्या काळात जपानी लष्कर चुंगकिंग सरकारचे प्रमुख चँग कै-शेक यांचा मेहुणा सोंग झिलियांग म्हणवणाऱ्या एका गृहस्थाशी हाँगकाँगमध्ये वाटाघाटी करत होते. तो तोतया होता, दाई ली यांचा हेर. वांग यांना गादीवर बसवणारेच त्यांच्या पाठीमागे त्यांच्या शत्रूशी सौदा जमवू पाहत होते.

वांग यांची सारी पुंजी एका दाव्यात होती: मी देशासाठी सन्मानाची शांतता आणतो आहे. हनोईच्या गोळ्यांनी त्यांना हुतात्म्याची सहानुभूती मिळू शकली असती. छापून आलेल्या कलमांनी त्यांचा दावाच संपवला. काओंना मी निर्दोष ठरवत नाही, कारण फितुरीची पहिली गाठ त्यांनीच मारली होती. पण आपण बांधलेल्या वाटेचा शेवट गुलामीत होतो हे दिसल्यावर त्यांनी तो लोकांपासून लपवला नाही. परक्यांच्या फौजेच्या आधाराने राज्य करू पाहणाऱ्यांना मारेकऱ्यापेक्षा आपल्याच लोकांनी तहनामा वाचण्याचे भय अधिक असते, आणि ते रास्तच आहे.