राजीनाम्याआधी दहा हजार डोळे



‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात मुलीला स्थळ पाहताना आपला पहिला प्रश्न असतो, “मुलगा नोकरीला कुठं आहे?” अशा दिवसांत एखाद्याच्या मुलाने लागलेली नोकरी सोडून गावी धंदा घालायचे म्हटले, तर त्या घरात काय होत असेल हे सांगायला नको.

गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना आमच्या गट ऑफिसात एक वडीलधारे सभासद आले. सोबत मुलगा होता. तात्या बसले ते बसले आणि म्हणाले, “साहेब, नोंद राहू द्या. ह्या पोराला जरा समजावून सांगा. दिवाळीला राजीनामा देतो म्हणतोय.”

मुलगा पुण्याकडे एका कंपनीत सुपरवायझर. पगार २८ हजार. दरमहा १० हजार घरी पाठवतो, त्यातून पाईपलाईनच्या कर्जाचा हप्ता जातो. घरची शेती तीन एकर. त्याला ऊसरोपांची रोपवाटिका काढायची होती आणि शेडनेटच्या भांडवलासाठी विहिरीजवळचा एक एकर तारण ठेवायचा होता. तात्यांचा जीव अडकला होता तो त्या एकरात.

धंदा वाईट आहे असे आम्ही म्हणालो नाही. एक डोळ्याच्या रोपाने बेणे वाचते, नांग्या कमी पडतात, हे आम्हीच सभासदांना सांगत फिरतो. साडेचार फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरी ४,८४० रोपे लागतात. मागणी आहे. पण पोराने वहीत हिशेब मांडून आणला होता, तो आम्ही बघायला मागितला.

हिशेब असा होता : एक लाख डोळे लावायचे, अडीच रुपयाला रोप विकायचे, म्हणजे अडीच लाख. बेणे, ट्रे, कोकोपीट, मजुरी मिळून खर्च एक लाख चाळीस हजार. नफा एक लाख दहा हजार.

आम्ही त्याच वहीत खाली लिहिले. शंभर डोळे लावले तर शंभर उगवत नाहीत. ऐंशी धरा. म्हणजे रोपे ८० हजार. रोप महिना-सव्वा महिन्यात रानात गेले पाहिजे. पाऊस लांबला, नांगरट राहिली, शेतकऱ्याने “पुढल्या आठवड्यात नेतो” म्हटले, की मुळ्या ट्रेमध्येच गुंडाळतात आणि रोप म्हातारे होते. असली १० हजार सोडा. उरली ७० हजार. त्याचे पावणेदोन लाख. खर्च तेवढाच. नफा ३५ हजार, म्हणजे त्याचा सव्वा महिन्याचा पगार. त्यातही काही जण म्हणणार, “ऊसबिल आल्यावर देतो.” नफा वहीत आणि हप्ता दारात, अशी गत.

“सरकारी अनुदान आहे की,” पोरगा म्हणाला. आहे. पण पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत बसले, तरी अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. मजुराची शनिवारची हजेरी त्यातून भागत नाही. अनुदानाच्या भरवशावर संसार मांडू नये.

मग आम्ही विचारले, “नोकरीला किती वर्षं झाली?” म्हणाला, चार वर्षे आणि चार महिने. कायम नोकरीतल्या माणसाला ग्रॅच्युइटी मिळायला सलग पाच वर्षे लागतात. मग वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे रक्कम हाती येते. आठ महिन्यांसाठी हे सोडून येणे म्हणजे साडेदहा महिन्यांचे बेणे उभे असताना मळा सोडून जाण्यासारखे झाले.

इथवर पोरगा ऐकून घेत होता. मग तो एकदम म्हणाला, “साहेब, असा हिशेब करत बसलं तर माणूस जन्मभर नोकरीच करणार. तुम्ही तरी कुठं सोडलीत?”

तात्या त्याच्यावर ओरडले. पण प्रश्न खोटा नव्हता.

सभासद बंधूंनो, हे आम्ही पूर्वी कुणाला सांगितले नाही. आम्हीही राजीनामा लिहिला होता. २०१५ सालची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंच्या रानात वीस हजार रोपे केली होती. ती गेली की कारखान्याला रामराम करायचा असे ठरले होते. त्या वर्षी दुष्काळ पडला. विहिरींनी तळ गाठला, लागणी थांबल्या. ज्यांनी शब्द दिला होता त्यांचा दोष नव्हता. प्यायला पाणी नाही तिथे रोप कोण लावणार? रोपे ट्रेमध्ये वाळली. राजीनामा टेबलाच्या खणात राहिला. नोकरी होती म्हणून त्या वर्षी घर चालले, बंधूंचे नुकसानही हळूहळू भरून दिले. पण पुढे चांगले पाऊस झाले तेव्हा आम्ही पुन्हा रोपे केली नाहीत. पहिल्या वेळी हिशेबाने थांबलो, दुसऱ्या वेळी भीतीने. या दोन्हींतला फरक कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली.

म्हणून पोराला “सोडू नको” असे आम्ही सांगितले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरीत असतानाच त्यांनी बेळगावला भावाबरोबर सायकलींचा व्यापार चालवला होता. बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली; पण सोडताना बेळगावात पाय ठेवायला जागा तयार होती. पुढे कडबा कापायचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन बिघडते असे म्हणून शेतकरी नांगर घेईनात. तरी ते टिकले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. धाडस होतेच, पण आधी डोळे उगवून पाहिले होते.

शेवटी तिघांनी मिळून चार गोष्टी ठरवल्या. एक, पूर्वहंगामी लागणीसाठी फक्त दहा हजार डोळे लावायचे, नोकरी चालू ठेवून. दोन, रोपे भावकीबाहेर विकायची. पाहुण्याने घेतलेले रोप ही मागणी नव्हे. तीन, कर्जाच्या हप्त्यासकट एक वर्षाचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नाही, आणि विहिरीजवळच्या एकराला हात लावायचा नाही. चार, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर मार्चअखेर निर्णय करायचा, इकडे किंवा तिकडे. “बघू पुढच्या वर्षी” म्हणायचे नाही. ही चौथी अट आम्ही स्वतःवरून घातली.

दहा हजारांपैकी ८,१०० डोळे उगवले. ७,२०० रोपे विकली गेली, त्यांतली ५,००० रोख, बाकी उधार. उरलेली ९०० तात्यांनी स्वतःच्या रानात नांग्या भरायला वापरली. पोरगा दर शनिवारी रात्री एस.टी.ने यायचा, रविवारी ट्रे बघून परत जायचा. पाणी तात्यांनी आणि सूनबाईंनी सांभाळले. दोन गिऱ्हाइकांनी सुरू लागणीसाठी पुन्हा रोपे सांगितली आहेत, आणि आगाऊ पैसे दिले आहेत.

परवा तात्या काट्यावर भेटले. आम्ही विचारले, “काय तात्या, मार्चला काय?” ते म्हणाले, “पोराचं पोराला माहीत. मी आपला ट्रे धुऊन ठेवलेत.”

आपल्या घरात असा विषय निघाला असेल तर भांडण करण्याआधी मुलाला वहीसह गट ऑफिसला घेऊन यावे. सोमवारी सकाळी आम्ही तिथे असतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी