तोन्ले साप : उलट्या वाहणाऱ्या नदीचं सरोवर

कंबोडियातलं तोन्ले साप हे आग्नेय आशियातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. उन्हाळ्यात ते सुमारे 2,500 चौरस किलोमीटरपर्यंत आकसतं आणि खोली जेमतेम मीटरभर उरते. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की तिचं पाणी तोन्ले साप नदीत घुसतं. एरवी सरोवरातून बाहेर पडणारी ही नदी तेव्हा चक्क उलटी वाहू लागते! सरोवर पाचपटीहून अधिक पसरतं, भोवतालचं जंगल बुडतं आणि त्या बुडालेल्या झाडीत मासे पोसले जातात. इथल्या पक्ष्यांची चंगळ त्या माशांवरच.

पक्षी पाहायचे तर सरोवराकाठचं प्रेक तोआल गाठावं. सिएम रीपहून आधी गाडी, मग बोट. झाडांवर बांधलेल्या मचाणांवरून झोळीवाले (पेलिकन), क्षत्रबलाक, पाणकावळे आणि तिरंदाज यांच्या वसाहती दिसतात. महाराष्ट्रातल्या भिगवणला दिसणारा चित्रबलाकही इथे घरटी करतो. एकेकाळी घरट्यांतली अंडी गोळा करणाऱ्यांपैकीच काही जण पुढे या वसाहतींचे राखणदार झाले.

डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. त्यानंतर पाणी इतकं उतरतं की बोट रुतण्याची शक्यता असते. पहाटे निघावं, दुर्बीण आणि टोपी बरोबर घ्यावी. वाटेत तरंगती गावं लागतात. तिथे घरं, दुकानं, शाळासुद्धा पाण्यावरच.

1997 पासून हे सरोवर युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. मेकाँगवरच्या धरणांमुळे पुराचं चक्र मात्र बिघडू लागलं आहे.