इंजिनाच्या माथ्याचा सांधा

यवतमाळ जिल्ह्यांतील दारव्हा तालुक्यांत बोरी अरब हें आमचें गांव. सोयाबीन घरीं आलें कीं हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते, आणि नेमका त्याच दिवसांत कोणाचा तरी ट्रॅक्टर उभा राहतो. रेडिएटरमध्यें बुडबुडे येतात, धुरांड्यांतून पांढरी वाफ निघते, आणि तेलाची पट्टी ओढून पाहावी तों काळ्या तेलाच्या जागीं ताकासारखा फेस लागलेला दिसतो. मिस्त्री म्हणतो, "हेडगॅस्केट गेलं, भाऊ." हाच आजार शहरांतील मोटारीलाही होतो, तिचा मालक बिल चुकवून मोकळा होतो, शेतकऱ्याच्या मात्र जमिनीची ओल निघून जाते. नवें गॅस्केट घालूनही पंधरवड्यांत तें पुन्हां गेलें, तर सगळे त्या गॅस्केटलाच बोल लावतात. पुष्कळदां दोष त्याचा नसतो. तें ज्या पृष्ठभागावर बसविलें त्या पृष्ठभागाचा असतो. त्या पृष्ठभागाविषयींच आज बोलावयाचें आहे.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा ओतीव देह. ह्यांतच पिस्टन वरखालीं होतात. हेड म्हणजे त्यावरील झांकण. दोहोंच्या मध्यें मिलीमीटर-दीड मिलीमीटर जाडीचें गॅस्केट असतें, आणि जळता वायु, थंड करणारें पाणी व वंगणाचें तेल ह्या तिघांची भेट होऊं न देणें हें त्याचें काम. रुडॉल्फ डीझेल ह्यानें 1897 सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचें तत्त्वच असें कीं, हवा इतकी दाबावयाची कीं ठिणगीवांचून इंधन पेटावें. आजच्या इंजिनांत ती सोळासतरा पट दाबली जाते, तिची उष्णता 500 अंशांच्या वर जाते, आणि ज्वलनाच्या क्षणीं दाब वातावरणाच्या साठसत्तर पट, कांहीं यंत्रांत शंभर पटींच्याही पलीकडे पोंचतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्या होत असतां प्रत्येक सिलिंडरांत असे एक हजार स्फोट होतात. त्यांतच ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचें असेल, तर उष्णतेनें हेड ब्लॉकच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. मधलें गॅस्केट दोहोंकडून रगडलें जातें. विहिरीवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनांतही सांधा हाच. 1946 सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचें नांव आमच्याकडे अशा इंजिनांमुळेंच घरोघरीं माहीत झालें.

आतां तयारी. इंजिन पूर्ण निवाल्याशिवाय हेडाचे बोल्ट सैल करूं नयेत. गरम हेड सोडलें तर तें वाकतें. हेड निघाल्यावर पाण्याच्या व तेलाच्या वाटा स्वच्छ चिंध्यांनीं बुजवाव्या. मग जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे काढावयाचे. जुन्या प्रकारच्या गॅस्केटमध्यें ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत जाणें घातक, म्हणून ते तुकडे ओले करूनच खरडावे, फुंकर मारूं नये. बिडाच्या ब्लॉकवर पोलादी पत्ती आडवी धरून चालेल; ॲल्युमिनियमवर लांकडी वा प्लॅस्टिकचीच हवी.

येथें घाई घात करते. हातयंत्राला घांसावयाची चकती लावली कीं पांच मिनिटांत ब्लॉक आरशासारखा चमकतो, आणि मालक खूष होतो. पण त्या चकतींतून सुटलेले कठीण कण तेलाच्या वाटेनें बेअरिंगांत शिरतात व तीं खातात. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें ह्याच कारणास्तव आपल्या दुरुस्तीगृहांना अशा चकत्यांविरुद्ध लेखी ताकीद दिलेली आहे. दुसरा तोटा अधिक फसवा आहे. आपल्या देवघरांतील सहाण पाहा. वर्षानुवर्षें चंदन उगाळून ती किती गुळगुळीत झालेली असते! पण तिच्यावर पाणी ओतलें तर तें मधोमध सांचतें. गुळगुळीत म्हणजे सपाट नव्हे. जेथें चकती क्षणभर अधिक टेकली तेथें ब्लॉकची सहाण होते, आणि पुढें वायु तीच वाट धरतो.

सपाटी डोळ्यांनीं कळत नाहीं, ती मोजावी लागते. खात्रीची सरळ पोलादी पट्टी ब्लॉकवर उभ्या धारेनें ठेवावी. लांबीच्या दोन्ही कडांना, रुंदीला, आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखालीं फिलर गेजची 0.05 मिलीमीटर जाडीची पत्ती सरकवून पाहावी. आपल्या डोक्याचा केंस बहुधा ह्याहून जाड असतो. ती पत्ती सहज आंत गेली तर संशय धरावा आणि त्या इंजिनाच्या पुस्तकांत दिलेली मर्यादा पाहावी. आमच्याकडे हेडाला फेस मारून आणण्याची चाल आहे, ती चांगलीच आहे. परंतु ब्लॉक मोजण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीं, कारण ब्लॉकला फेस मारावयाचा तर सबंध इंजिन खोलावें लागतें. अर्धाच सांधा सरळ करून काय उपयोग? ज्या इंजिनांत पाण्यांतले, वेगळे काढतां येणारे लायनर असतात, तेथें त्यांचा कांठ ब्लॉकच्या वर ठरल्याप्रमाणें किंचित् उंच असावा लागतो. तो खालीं बसला असेल तर बाकीची सर्व मेहनत फुकट.

मग पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा? सहाणेप्रमाणें पाटाही आपल्या घरांत असतो, आणि त्याला मुद्दाम टाकी लावून घ्यावी लागते. जुन्या मऊ भरणाच्या गॅस्केटला धरून राहण्यापुरता बारीक खरखरीतपणा लागे. अलीकडच्या पोलादी थरांच्या गॅस्केटला तो पुष्कळच कमी चालतो. म्हणून गॅस्केट कोणत्या जातीचें आहे हें आधीं विचारावें.

बोल्टांचीं भोकें हा भाग सर्वांत दुर्लक्षित. बंद बुडाच्या भोकांत पाणी वा तेल राहिलें आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाहीं, ब्लॉकच तडकतो. तडकला नाहीं तरी टॉर्क पाना खोटा आंकडा दाखवितो आणि हेड सैलच राहतें. म्हणून भोकें कोरडीं करावीं, आटे साफ करावे. नंतर चिंध्या मोजून बाहेर काढाव्या, आणि धागे न सोडणाऱ्या कापडावर थिनर घेऊन, जवळ विडीकाडी नाहीं हें पाहून, पृष्ठभाग शेवटचा पुसावा. वरून शेलॅक फांसण्याची संवय अनेकांना आहे. गॅस्केटसोबतच्या कागदावर तसें लिहिलें नसेल तर फांसूं नये.

बोल्ट मध्यापासून कडांकडे, दोनतीन फेऱ्यांत, पुस्तकांतील क्रमानें आवळावे; एकदांच वापरावयाचे बोल्ट असतील तर नवे घ्यावे. इंजिन सुरू करण्यापूर्वीं तेल बदलावें, कारण जुन्यांत पाणी मिसळलेलें असतें. आणि मुळांत इंजिन तापलें कां, तेंही त्याच दिवशीं शोधावें: रेडिएटर गाळानें बुजला काय, पंख्याचा पट्टा सैल पडला काय, पाण्याचा पंप गळतो काय, थर्मोस्टॅट उघडतो कीं नाहीं. थर्मोस्टॅटची परीक्षा घरींही होते. तो काढून पाण्याच्या पातेल्यांत दोऱ्यानें लोंबता सोडावा आणि पाणी तापवावें. उकळी फुटेपर्यंत त्याचें तोंड उघडलें नाहीं, तर तो बदलावयाचा.