विश्लेषण : चार्ली चॅप्लिनचे ‘गुरू’ मॅक्स लिंडर विस्मृतीत का गेले?

मूकपटांतील विनोद म्हटला की चार्ली चॅप्लिनच आठवतो. पण खुद्द चॅप्लिन ज्यांना गुरू मानत, ते फ्रेंच अभिनेते मॅक्स लिंडर आज कितीजणांना ठाऊक आहेत?

रंगभूमीवरून पडद्यावर कसे आले?
लिंडर यांचा जन्म १८८३चा, फ्रान्समधील बोर्दोजवळचा. आधी बोर्दोत, मग पॅरिसमध्ये नाटकांत कामे करताना १९०५ मध्ये ते ‘पाते’ कंपनीच्या लघुपटांत दिसू लागले.

त्यांचे वेगळेपण काय?
तेव्हा विनोद म्हणजे आदळआपट आणि पळापळ. लिंडर यांचा ‘मॅक्स’ मात्र रेशमी टोपी, छडी घेतलेला रुबाबदार गृहस्थ. फजिती झाली तरी ऐट सोडायची नाही, यातच गंमत. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांचे नाव जगभर झाले होते.

आरशाचा प्रसंग कोणता?
‘सेव्हन इयर्स बॅड लक’ (१९२१) या चित्रपटात नोकराच्या हातून आरसा फुटतो. ते लपवण्यासाठी रिकाम्या चौकटीमागे दुसराच माणूस उभा राहून मॅक्सची हुबेहूब नक्कल करतो. मार्क्स बंधूंच्या ‘डक सूप’मध्येही (१९३३) असाच प्रसंग आहे.

मग विस्मृती का?
महायुद्धात तब्येत ढासळली, नैराश्याने गाठले. अमेरिकेत जम बसला नाही. १९२५ मध्ये पॅरिसमध्ये लिंडर आणि त्यांच्या तरुण पत्नीचा करुण अंत झाला. पुढे बोलपट आले आणि मॅक्स मागे पडला.

आज ते चित्रपट पाहता येतात, याचे मोठे श्रेय कन्या मॉड लिंडर यांना. आईवडील गेले तेव्हा त्या दीड वर्षाच्याही नव्हत्या. वडिलांची ओळख त्यांना पडद्यावरच झाली. तीच जगाला करून देण्यात त्यांनी आयुष्य वेचले.