टर्बोच्या गाडीतील ऑईलची मुदत

जैतापूरच्या खाडीतून आत आलेला माल राजापूरच्या बंदरात उतरावा, तेथून बैलांच्या पाठीवर लादून तो अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावर चढावा, आणि या चढउतारावर गावाची पेठ नांदावी, असा शिरस्ता या भागात शतकानुशतके चालत आला. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली तीही याच व्यापाराच्या ओढीने. आज ओणी-पाचल मार्गे तोच घाट मोटारी चढतात. मार्च ते मे या महिन्यांत हापूसच्या पेट्यांनी भरलेल्या पिकअप रात्रभर महामार्गाने वाशीच्या बाजाराकडे धावतात, आणि गणेशचतुर्थीच्या आधी मुंबईचे चाकरमानी आपापल्या गाड्या घेऊन त्याच महामार्गाने उलट दिशेने गावाकडे येतात. या वाहनांतील जवळजवळ प्रत्येक डिझेल गाडीला आणि अलीकडच्या पुष्कळशा पेट्रोल गाड्यांनाही टर्बो असतो. अशा गाडीचे ऑईल किती दिवसांनी बदलावे, हा प्रश्न राजापूरच्या कोणत्याही गॅरेजात रोज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर एका आकड्यात हवे असते. आकडा सांगता येतो; परंतु तो कशावरून आला हे ध्यानात न घेता पाठ केला, तर गाडीच्या मालकाला त्याचा उपयोग होण्यापेक्षा अपायच अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर सायलेन्सरवाटे हवेत सोडून देण्यापूर्वी त्याच्या वेगाने एक चक्र फिरवावे, त्या चक्राच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पंख्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, आणि अधिक हवेत अधिक इंधन जाळून लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घ्यावे, ही टर्बोची मूळ कल्पना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आरंभी ती जहाजांच्या अवजड डिझेल इंजिनांत रुजली. घरगुती मोटारीत तिचा प्रवेश अमेरिकेत १९६२ साली झाला. आपल्याकडे मालमोटारी आणि जीप यांच्या डिझेल इंजिनांतून टर्बो आधी परिचित झाला, आणि मग पेट्रोल गाड्यांतही आला. पुण्याजवळ रांजणगावात तयार होणारी टाटांची नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली, ती अवघ्या बाराशे सी.सी.च्या पेट्रोल इंजिनातून शंभराहून अधिक अश्वशक्ती काढून दाखवत. टर्बोवाचून तेवढ्या आकाराच्या इंजिनाला हे बळ सहसा येत नाही.

या बळाची किंमत मात्र ऑईलला मोजावी लागते. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला तीनचार हजार फेरे घेत असतो त्या वेळी टर्बोचा बोटाएवढा दांडा दीड-दोन लाख फेरे घेत असतो, म्हणजे सेकंदाला अडीच हजारांहून अधिक. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू धातूवर धातू टेकवून ठेवता येत नाही. बहुसंख्य टर्बोंत या दांड्याला साध्या बॉल बेअरिंगचा आधारही नसतो. दांडा आणि त्याभोवतालचे पितळी कडे यांमध्ये केसाच्या जाडीहून कमी अशी फट असते, तीत इंजिनाच्या पंपाने दाबाखाली ऑईल येत राहते, आणि त्या पातळ थरावर दांडा अक्षरशः तरंगत असतो. इंजिनाच्या इतर भागांत ऑईल घर्षण कमी करते आणि उष्णता वाहून नेते. टर्बोत ते याखेरीज आधारस्तंभाचेही काम करते. ऑईलमध्ये काजळी दाटली, त्याचा चिकटपणा उतरला, किंवा ते पोहोचवणारी बारीक नळी आतून चोंदली, की तो थर तुटतो आणि दांडा कड्याला घासू लागतो. मग मेकॅनिक हवेचा पाइप काढून, बोटांच्या चिमटीत पंख्याचे टोक धरून ते वर-खाली हलवून पाहतो आणि टर्बोला प्ले आल्याचे सांगतो. मालकाला याची चाहूल त्याआधीच लागलेली असते: चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, रेस केल्यावर बारीक शिटी ऐकू येते, मागून निळसर धूर दिसतो. टर्बो बदलण्याचा खर्च ऑईल बदलण्याच्या खर्चाच्या कित्येक पटींनी अधिक असतो, आणि तुटलेल्या पंख्याचा तुकडा इंजिनात गेला तर त्या खर्चाला अंत राहत नाही.

टर्बोचे एक टोक इंजिनाच्या धुरात तापलेले असते. पेट्रोल गाडीत या धुराचे तपमान नऊशे-हजार अंश सेल्सियसपर्यंत चढते, डिझेलमध्ये त्याहून काहीसे कमी. ऑईल वाहते आहे तोवर ते ही उष्णता घेऊन खाली चेंबरमध्ये उतरते आणि तेथे निवते. परंतु अणुस्कुऱ्याचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढून माथ्यावर चहासाठी थांबलेला गाडीवान क्षणार्धात चावी बंद करतो, तेव्हा पंपही त्याच क्षणी थांबतो. टर्बोत अडकलेले चमचाभर ऑईल त्या उष्णतेत करपते आणि त्याचा काळा, कठीण थर नळीच्या आत धरतो. हा थर एका दिवसात गाडी बंद पाडत नाही. तो वर्षानुवर्षे साचतो. नव्या पेट्रोल गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवण्याची तजवीज असते, त्यामुळे धोका बराच उणावला आहे. तरीही घाट चढल्यावर किंवा महामार्गावर दीर्घ काळ वेगाने धावल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. सकाळी गाडी सुरू केल्यावरही अर्धा मिनिट तिला रेस देऊ नये, कारण ऑईल टर्बोपर्यंत पोहोचण्यास तेवढा अवधी लागतो.

कंपन्यांच्या पुस्तिकांत आजकाल दहा ते पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल ते, अशी मुदत छापलेली असते. ही कमाल मर्यादा आहे, आणि ती अनुकूल परिस्थितीतील गाडीसाठी आहे. त्याच पुस्तिकेत पुढे बहुधा बारीक अक्षरांत कठीण वापराचे कलम असते: वारंवार छोट्या अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, डोंगराळ मुलूख, भरलेला बोजा, दमट हवा, पुष्कळ वेळ जागच्या जागी चालू राहणारे इंजिन, अशा गाड्यांसाठी मुदत जवळजवळ निम्म्यावर आणावी, असे तेथे स्वतः कंपनीच सांगते. ते कलम वाचताना राजापूर तालुक्याचे वर्णन वाचत असल्यासारखे वाटते. येथील वार्षिक पर्जन्यमान तीन हजार मिलीमीटरच्या वर आहे. चिरेखाणींच्या परिसरात उन्हाळाभर जांभ्याची तांबडी धूळ उडत असते आणि हवेचा फिल्टर जुना झाला असेल तर तिचा सूक्ष्म अंश ऑईलपर्यंत पोहोचतो. आणि सपाट रस्ता म्हणावा असा सलग तुकडा सड्यावाचून अन्यत्र क्वचितच सापडतो.

यांतही ज्या गाडीची मला सर्वाधिक काळजी वाटते ती घाट चढणारी नव्हे. ती आहे गावातील घरापुढे उभी असणारी, आठवड्यातून दोनतीनदा बाजारापुरती राजापुरास येऊन परत जाणारी, वर्षाकाठी चार हजार किलोमीटरही न भरणारी गाडी. तिचा मालक मोठ्या समाधानाने सांगतो की गाडी फिरतेच कोठे, ऑईल नव्यासारखेच असेल. वस्तुतः दहा-बारा मिनिटांच्या फेरीत ऑईल पुरते तापतच नाही, आणि ते तापले नाही म्हणजे इंधन जळताना निर्माण झालेले पाणी व न जळलेले इंधन त्यातून उडून जात नाही. ते चेंबरमध्ये साचत राहते, त्यातून आम्ले तयार होतात, आणि त्या आम्लांना मारण्यासाठी ऑईलमध्ये घातलेली द्रव्ये गाडी न धावताच खर्च होतात. किलोमीटरच्या आकड्यात हा ऱ्हास दिसत नाही, म्हणूनच पुस्तिकेत वर्षाची मर्यादा वेगळी सांगितलेली असते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो भरला म्हणजे गाडी आपण होऊन थोडे अधिक डिझेल सोडून आतील तपमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि साचलेली काजळी जाळून टाकते. हे काम पुरे होण्यास महामार्गावरचा सलग प्रवास लागतो. राजापुरात जवाहर चौकापर्यंत येऊन गाडी बंद केली की ते अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा आरंभ होतो, आणि जादा सोडलेल्या डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑईलमध्ये मिसळतो. अशा गाडीची ऑईलची काडी काढून पाहावी: सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटे झाल्यावर काडी एकदा पुसून, पुन्हा आत घालून बाहेर काढावी. पातळी वरच्या खुणेच्या वर गेलेली दिसली आणि ऑईलला डिझेलचा वास आला, तर ऑईल टिकून आहे असा आनंद मानू नये. ते पातळ झाले आहे, आणि मुदत भरली नसली तरी बदलले पाहिजे. उलट रंगावरून घाबरण्याचे कारण नाही. डिझेल गाडीतील नवे ऑईल काही शे किलोमीटरांतच काळे पडते. काजळी आपल्यात धरून ठेवणे हे त्याचे नेमून दिलेले कामच आहे.

एका बाबतीत मात्र रंग हाच निर्णायक पुरावा ठरतो. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरते, हा राजापूरचा जुना अनुभव. अशा पाण्यात इंजिनाइतकी बुडालेली गाडी चावी फिरवून पाहण्याचा मोह कोणी करू नये. ती ओढून गॅरेजात न्यावी. काडीवरचे ऑईल दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी आत गेले आहे. ते सर्व काढून, फिल्टर बदलून, नवे भरून, थोडे चालवून तेही पुन्हा काढल्यावाचून टर्बोचा दांडा वाचत नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. पुणे-मुंबईस वरचेवर जाणारी, महामार्गावर लांब धावणारी टर्बोची गाडी असेल आणि कंपनीची मुदत पंधरा हजारांची असली, तरी दहा हजारांवर किंवा वर्ष भरताच ऑईल बदलावे; दहा हजारांची असेल तर आठ हजारांपुढे जाऊ नये. घाट, बोजा आणि गावातील फेऱ्या यांत वाटली गेलेली गाडी पाच ते सात हजारांवर न्यावी. केवळ बाजारापुरती फिरणारी गाडी किलोमीटर न पाहता सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने. आणि वर्षातून एकदाच बदलायचे असेल तर तो दिवस पावसाळा ओसरल्यानंतरचा असावा, म्हणजे चार महिन्यांची आर्द्रता जुन्या ऑईलबरोबर निघून जाते. आंब्याच्या पिकअपला मात्र तारखेचा नियम पुरत नाही. एका हंगामात ती इतर गाड्यांचे वर्षभराचे अंतर तोडते, तेही भरल्या बोज्याने. तिचे ऑईल हंगामाच्या आरंभी बदलावे, आणि मध्यावर मीटर पाहून पुन्हा. दर तीन हजारांवर ऑईल बदलण्याचा आग्रह काही गॅरेजांतून होतो, तो जुन्या साध्या ऑईलच्या काळातला आहे. आजच्या सिंथेटिक ऑईलसाठी तो निष्कारण खर्च होय.

ऑईल कोणते, हा प्रश्न मुदतीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे ऑईल वेळेवर बदलूनही टर्बो वाचत नाही. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड, समजा ५ डब्ल्यू ३०, आणि त्याखालचा दर्जाचा संकेत, या दोन्ही गोष्टी डब्यावर जुळल्या पाहिजेत. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाडीला कमी राख सोडणारेच ऑईल लागते, एरवी तो फिल्टर राखेने भरतो आणि राख जळून जात नाही. गाडी जुनी झाली म्हणून दाट ऑईल घालण्याचा सल्ला ऐकण्यापूर्वी टर्बोची ती बारीक नळी आठवावी. प्रत्येक वेळी ऑईल फिल्टर आणि चेंबरच्या बोल्टचा वायसर नवा घ्यावा. डब्याचे सील आपल्यासमोर फोडून घ्यावे. आणि पावतीवर तारीख, मीटरचा आकडा, ऑईलचा ग्रेड आणि फिल्टर या चार गोष्टींची नोंद करून घ्यावी, कारण हमीच्या मुदतीत टर्बो बिघडला तर कंपनी प्रथम हेच दप्तर मागते.

काढलेले जळके ऑईल वाळवीसाठी वाशांना फासण्याची किंवा परड्यात ओतून देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडली पाहिजे. जांभा सच्छिद्र असतो. वर ओतलेले ऑईल पावसाच्या पाण्याबरोबर झिरपत विहिरीपर्यंत जाते. कायद्याने हे ऑईल घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावयास हवे. म्हणून घरी स्वतःच्या हाताने ऑईल बदलणाऱ्यानेही जुने ऑईल रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, ते पिंपात साठवणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावे.