घरचं वर्कशॉप (भाग ७) : आधी कॉम्प्रेसर, मग ब्लास्टिंग कॅबिनेट

मागच्या भागात जुन्या मोटारसायकलचे भाग सुटे करून झाले. आता त्यांच्यावरचा गंज आणि रंगाचे थर उतरवायचे. सँडब्लास्टिंग करायचं ठरलं की बहुतेक जण आधी कॅबिनेट बघायला जातात: काच केवढी, हातमोजे कसे, आत दिवा आहे का. माझं म्हणणं, सुरुवात हवेपासून करा. बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं.

कॉम्प्रेसर घेताना टाकीवर भुलू नका. बघायचा तो सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते तो आकडा. माहितीपत्रकात बऱ्याचदा ‘डिस्प्लेसमेंट’ छापलेलं असतं. प्रत्यक्ष हाती येणारी हवा, म्हणजे एफएडी, त्याहून बरीच कमी असते. दुकानात एफएडीच विचारा. २ एचपीचा साधा कॉम्प्रेसर सातेक सीएफएम देतो.

आता गन उघडून बघा. आत हवेचा छोटा जेट असतो. त्याचं भोक ३ मिमी असेल, तर ८० पीएसआयला सुमारे १७ सीएफएम लागतात. २ मिमीला सात-आठात भागतं. भोक दीडपट झालं की हवा सव्वादोनपट लागते. १६० लिटरची टाकी १० बारपर्यंत भरून घेतली, तरी २ एचपीवर ३ मिमीचा जेट दोन-अडीच मिनिटंच चालतो. मग काटा उतरतो, मारा मवाळ पडतो आणि कॉम्प्रेसर तापत राहतो. घरी सिंगल फेजच असेल तर लहान जेट लावा. काम सावकाश होईल, पण होईल. जेट झिजून भोक मोठं होतं, तेही अधूनमधून मोजत जा.

याच कारणासाठी घरी सायफन गनचं कॅबिनेट बरं. प्रेशर पॉट झपाट्याने काम करतो, पण मोठ्या कॉम्प्रेसरशिवाय त्याचा उपयोग नाही. अख्खी चासी असेल तर सरळ एमआयडीसीतल्या ब्लास्टिंगवाल्याकडे द्यावी.

आणि नदीची किंवा बांधकामाची वाळू कधीही वापरू नका, फुकट मिळाली तरी. आदळून फुटलेल्या सिलिकाची धूळ डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक असते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनीच कास्टिंगच्या ब्लास्टिंगसाठी अशी वाळू बंद केली. आपल्याकडे ती अजून सर्रास वापरलेली दिसते, याचा मला संताप येतो. गार्नेट किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइड आणा. कॅबिनेटला धूळ ओढणारा फिल्टर हवाच, आणि मास्कही चांगल्या प्रतीचा हवा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

गंजलेल्या लोखंडाला ८० ग्रिटचा ऑक्साइड चांगला. कार्ब्युरेटरला आणि इंजिनच्या अॅल्युमिनियमला ग्लास बीड लावा. पृष्ठभाग ओरबाडला न जाता मंद चकाकी येते. टाकीच्या किंवा मडगार्डच्या पत्र्यावर मात्र दाब कमी ठेवा, नाहीतर पत्रा बाक धरतो.

पावसाळ्यात, त्यातून कोकणात, हवेतलं पाणी गनपर्यंत येतं आणि ग्रिटचे गोळे होऊन नळी तुंबते. मॉइश्चर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून बसवू नका. मध्ये काही फूट पाइप ठेवला की हवा निवते आणि पाणी वेगळं होतं. ब्लास्ट केलेल्या लोखंडाला उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी प्रायमर मारा.

इंजिनच्या केसिंगमध्ये ऑइलची भोकं असतात. ब्लास्टिंगआधी ती रबरी बुचांनी बंद करा. आत राहिलेला एखादा मणीही बेअरिंग खातो. धुऊन, हवा मारून ती भोकं साफ कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात बघू.